शून्य पूर्णांक चार टक्के टर्बियम

कुलगुरूंनी मला बोलावलं तेव्हा मी विभागातल्या पंख्यांच्या दुरुस्तीचा अर्ज लिहीत होतो. विभागप्रमुखाचं विज्ञान साधारण या पातळीवर चालतं. निरोप्याने सांगितलं की मॅडम फार आनंदात आहेत. आमच्या विद्यापीठात कुलगुरू आनंदात असणं ही काळजीची गोष्ट असते, त्यामुळे मी अर्ज अर्धा टाकून उठलो.

डॉ. वैजयंती सरोदे खरोखरच आनंदात होत्या. त्यांच्या टेबलावर एक जुनी फाईल होती, लाल फितीची, बुरशीचा वास येणारी. "देवतळे सर," त्या म्हणाल्या, "थंड तारेचा शोध आपला आहे. आपल्या विद्यापीठाचा. दोन हजार एकतीसचा."

मी खुर्चीत बसलो. बसायला त्यांनी सांगितलं नव्हतं.

थंड तार म्हणजे काय हे त्रेपन्न सालच्या नागपुरात कोणाला सांगावं लागत नाही. प्रत्येक चौकात राखाडी खोकं आहे, आठ दिवसांनी गाडी येते, खोक्यात कोरडा बर्फ भरते आणि पांढरं धुरकं सोडून निघून जाते. त्या खोक्याखालून जी तार जाते तिच्यात वीज शिरते तेवढीच बाहेर पडते. वाटेत कणभरही गळत नाही. लोडशेडिंग हा शब्द आता मुलांना समजावून सांगावा लागतो. मे महिन्यात लोक त्या तारेच्या वरच्या फुटपाथवर खाटा टाकतात. तार दोन हात खाली, जाड आवरणात असते आणि फुटपाथला तिचा काडीचा गारवा लागत नाही, हे मी स्वतः तीन वर्तमानपत्रांत लिहिलं. खाटा वाढल्या.

हा पदार्थ चव्वेचाळीस साली उत्तर युरोपातल्या एका प्रयोगशाळेने शोधला, असं जग समजतं. कुलगुरूंच्या विधी कक्षाला मात्र अडगळीच्या खोलीत ही फाईल सापडली होती. तिच्यात आमच्याच एका संशोधक विद्यार्थिनीची वही होती आणि वहीत एक आलेख होता. युरोपातल्या आलेखावर ठेवला तर तंतोतंत बसणारा, फक्त तेरा वर्षं जुना.

"या तेजल गेडाम कोण?" मॅडमनी विचारलं. "आणि आपण त्यांना काढून का टाकलं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. दुसऱ्याला म्हणालो की फाईल वाचावी लागेल. ती फाईल मला पाठ होती. तिच्यातल्या एका पानावर माझी सही होती.

मॅडमना माझ्याकडून एक निवेदन हवं होतं. आमचे मार्गदर्शक पांढरीपांडे सर वारले होते, स्टोअरकीपर ठवकर वारले होते, तेजल सोडून त्या आलेखाचा जिवंत साक्षीदार मी एकटा. तेजलचा आलेख खरा होता एवढं मी लिहायचं. आणि खरा होता तर पुन्हा का आला नाही, याचं काही शास्त्रीय स्पष्टीकरण जोडायचं.

ते स्पष्टीकरण माझ्याकडे नऊ वर्षांपासून तयार होतं.

*

थोडं विज्ञान सांगतो, दुखणार नाही.

तांबं, बेरियम आणि ऑक्सिजन यांच्यात इट्रियम नावाचा धातू मिसळून भट्टीत भाजला की एक काळी ठिकरी तयार होते. ती उणे एकशे एक्क्याऐंशी अंशांपर्यंत थंड केली की तिचा विजेला होणारा विरोध शून्य होतो. कमी नव्हे, शून्य. यालाच अतिसंवाहक म्हणतात. ठिकरीच्या आत तांबं आणि ऑक्सिजन यांचे पातळ थर असतात आणि वीज त्या थरांतून धावते. इट्रियमचा अणू दोन थरांच्या मध्ये बसतो आणि काही करत नाही. सरकारी कचेरीत असतो तसा.

तो काही करत नाही हे सिद्ध करणं सोपं आहे. त्याला काढायचं आणि त्याच्या जागी त्याचा एखादा भाऊबंद बसवायचा. दुर्मीळ मृदा म्हणून मूलद्रव्यांचं एक मोठं खानदान आहे, त्यातला गॅडोलिनियम घ्या, सॅमॅरियम घ्या, युरोपियम घ्या. ठिकरीला फरक पडत नाही. अपवाद प्रॅसिओडायमियमचा. हा मधल्या खुर्चीवर बसला की शेजारच्या थरांतली वीज वाहून नेणारी माणसंच धरून ठेवतो, हलू देत नाही. त्याचं प्रमाण वाढवत नेलं की अतिसंवाहकता मरते. टर्बियमची तऱ्हा वेगळी: तो एकटा या ठिकरीत शिरतच नाही.

अशी मोजूनमापून केलेली भेसळ म्हणजे डोपिंग. न मोजता केलेल्या भेसळीला शास्त्रात चांगला शब्द नाही.

तेजलचा विषय होता प्रॅसिओडायमियम अतिसंवाहकता नेमकी किती मारतो हे मोजणं. थोडक्यात, मयताचं मोजमाप. पांढरीपांडे सर असले विषय गडचिरोली-चंद्रपूरकडून आलेल्या मुलांना देत. त्यांत काही सापडण्याची भीती नसे. मला त्यांनी चमकणाऱ्या पावडरींचा विषय दिला होता, कारण माझे वडील सरांच्या वर्गात होते.

प्रयोगशाळेत एक नियम होता. आम्ही पावडरी अ‍ॅगेट दगडाच्या खलात तासन्‌तास घोटत असू आणि ज्याचा खल त्याचाच. प्रत्येकाच्या खलावर डॉक्टरी चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. दुसऱ्याचा खल आणि दुसऱ्याचा टूथब्रश, असं सर म्हणत, आणि दर वर्षी नव्या मुलांसमोर त्याच ठिकाणी हसत. खल धुवायचा तर तीव्र आम्लात रात्रभर ठेवावा लागे. आम्ल ठवकरांच्या कुलपात असे.

एकतीस सालच्या ऑगस्टमध्ये ठवकरांच्या पुतणीचं साक्षगंध होतं आणि ते किल्लीसकट काटोलला गेले होते. माझा खल घाण पडला होता. दुपारची जेवणाची वेळ, प्रयोगशाळेत कोणी नाही. तेजलचा खल तिच्या टेबलावर पालथा, स्वच्छ, फडक्यावर. मला टर्बियम फ्लोराइड वीस मिनिटं घोटायचं होतं. फक्त वीस मिनिटं.

घोटलं. नंतर अ‍ॅसिटोनने दोनदा पुसलं. अ‍ॅसिटोनने नेलपेंट निघतं. खल होता तसा फडक्यावर पालथा घातला आणि डबा खाल्ला. डब्यात भरली वांगी होती. नको ते मला चांगलं लक्षात राहतं.

दुसऱ्या दिवशी तेजलने तिची नेहमीची पावडर त्याच खलात घोटली, ठिकरी केली, भट्टीत घातली. सहा दिवसांनी मोजायला घेतली. द्रव नायट्रोजनमध्ये थंड करून हळूहळू तापू द्यायची आणि विरोध कुठे परत येतो ते बघायचं. तो उणे एकशे नव्वद अंशांच्या आसपास यायला हवा होता. आला नाही. उणे दीडशे, शून्य. उणे शंभर, शून्य. तेजलने तारा तपासल्या, यंत्र बंद करून चालू केलं, मला बोलावलं. उणे सत्तरला काटा हलला.

कोरडा बर्फ उणे अठ्ठ्याहत्तर अंशांचा असतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती म्हणाली, "निनाद, हे मला एकटीला दिसतंय का?"

मी म्हणालो, मलाही दिसतंय.

सर वर्तमानपत्राकडे गेले. तेजल म्हणत होती की आधी पुन्हा करून बघू. फोटोत सर मध्ये होते. मग तिने पुन्हा केलं: सात ठिकऱ्या, सातही नेहमीसारख्या मेलेल्या. मधल्या काळात ठवकर साक्षगंधाहून परतले होते आणि तिने खल रीतसर आम्लात धुतला होता.

बाहेरून विचारणा होऊ लागली तेव्हा सरांना दोनच गोष्टी शक्य होत्या: स्वतः घाई केली म्हणायचं, किंवा मुलीने फसवलं म्हणायचं. चौकशी समिती बसली. मूळ ठिकरी पुरावा म्हणून सीलबंद करण्यात आली, कागदी लिफाफ्यात, पावसाळ्याच्या दमट हवेत. हा पदार्थ पाणी पितो आणि विरघळतो. लिफाफा उघडला तेव्हा त्यात हिरवट भुकटी होती. समितीने तीही तिच्याच नावावर लिहिली.

मला साक्षीला बोलावलं. अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "गेडाम यांच्या साधनांना दुसऱ्या कोणी हात लावला होता का?"

मी म्हणालो, "नाही सर."

माझ्या मनात काय होतं ते प्रामाणिकपणे सांगतो, आता प्रामाणिकपणाची काही किंमत पडत नाही म्हणून. मला वाटलं, कचऱ्याने कुठे शोध लागतो? खल घाण होता म्हटलं तर तिचा आलेख तसाही रद्दच होणार. आणि माझी पावडरही रद्द होणार, तिच्यात तेजलच्या खलातला कचरा असणार म्हणून. एकाच्या ऐवजी दोघांनी कशाला बुडायचं? हा हिशोब मला तेव्हा फार सुज्ञ वाटला.

निष्कर्ष आला: हेतुपुरस्सर फसवणूक. तेजलची नोंदणी रद्द झाली. मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो होतो. तिची बॅग मी उचलली होती, हेही मला नको इतकं आठवतं.

चव्वेचाळीस साली युरोपातला तो निबंध आला. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: प्रॅसिओडायमियमसोबत शून्य पूर्णांक चार टक्के टर्बियम आणि फ्लोरीनचा अंश. एक मधल्या खुर्चीवर बसून काम थांबवणारा, दुसरा दारातून आत न येणारा. पण ऑक्सिजनच्या जागी थोडं फ्लोरीन गेलं की दोघं मिळून थरांना असा ताण देतात की वीज धावत सुटते. मी तो निबंध विभागाच्या सभेत सगळ्यांना समजावून सांगितला. फार सुंदर समजावला, असं लोक म्हणाले.

*

भंडाऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तेजल भौतिकशास्त्र शिकवत होती. मी गेलो तेव्हा बारावीची प्रात्यक्षिकं चालली होती. ती एका मुलीच्या व्हर्नियरचं माप घेत होती. तीनदा घेतलं. मग शेजारच्या मुलीला बोलावून चौथ्यांदा घ्यायला लावलं. मुलींनी एकमेकींकडे बघितलं. त्यांना सवय असावी.

"काय बा, विभागप्रमुख," ती म्हणाली. "भंडाऱ्याला काहून?"

केस पिकले होते, आवाज तोच. तास संपेपर्यंत तिने मला मागच्या स्टुलावर बसवलं. भिंतीवर अतिसंवाहकांचा तक्ता होता. पाठ्यपुस्तकात थंड तारेचं प्रकरण आहे, युरोपियन शास्त्रज्ञांच्या फोटोसह. ते ती दर वर्षी शिकवत असणार, हे तिथे बसल्यावर माझ्या लक्षात आलं. मुली गेल्यावर तिने चहा मागवला आणि माझ्या चौकशा केल्या. मी तिच्या केल्या. नवरा जिल्हा परिषदेत, मुलगी पुण्याला. घरातून निघताना गॅसचा खटका तीनदा तपासते म्हणून नवरा चिडतो, असं हसत म्हणाली. उत्तरपत्रिका दोनदा तपासते. चष्म्याचा नंबर दर वर्षी काढून घेते, तो बदललेला नसतो. "एकदा डोळ्यांनी दगा दिला ना," ती म्हणाली, "मग माणूस सावध होतो."

मग मी सांगितलं.

मी निवेदनाचा मसुदा खिशात घेऊन गेलो होतो. त्यात 'अज्ञात स्रोतातून टर्बियमचा संसर्ग' असे शब्द होते. तो काढला नाही. तोंडीच सांगितलं, साक्षगंधापासून डब्यापर्यंत. वांगी वगळली.

ती ओरडली नाही. तिने परीक्षकासारखे प्रश्न विचारले. कोणतं संयुग होतं? किती घोटलं? ओलं की कोरडं? कशाने पुसलं, किती वेळा? मी तोंडी परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत गेलो. मग ती उठली, फळ्यावरचं ओहमचं सूत्र पुसलं आणि आकडेमोड करू लागली. पाच ग्रॅमची ठिकरी. खलाच्या दगडात सहा मिलिग्रॅम राहिलं असं धरलं तर, म्हणजे दोन जिऱ्यांएवढं. खडू थांबला. अणू मोजले तर दर शंभर मधल्या खुर्च्यांमागे शून्य पूर्णांक चार.

तिने आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

"म्हणजे मी बरोबर मोजलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी खोटं बोलले नाही हे मला माहीत होतं रे. पण चुकले असेन असं वाटायचं. बावीस वर्षं वाटतंय. तारच कुठे टेकली असेल, मीच काही विसरले असेन." तिने हातावरचा खडू झटकला. "तुला कधी कळलं?"

"चव्वेचाळीसला."

बाहेर घंटा झाली, पोरांचा कलकलाट झाला, थांबला. मी खिशातला मसुदा काढून तिच्यापुढे ठेवला, का ते मला अजून कळलेलं नाही. तिने वाचला.

"अज्ञात म्हणजे तूच ना?"

"मी."

"मग तसं लिही. आणि मला कुलगुरूंचा हार नको, काही नको. त्या फाईलमध्ये 'फसवणूक' असा शब्द आहे, तो तेवढा काढून दे." मग दाराशी थांबून म्हणाली, "चहा पी. निवतोय."

*

समिती पुन्हा बसली. बावीस वर्षांनी, त्याच खोलीत. भिंतींना नवा रंग होता आणि वातानुकूलन थंड तारेवर होतं. कुलगुरू, दोन प्राध्यापक आणि विधी कक्षाचे ॲडव्होकेट मेंढे. तेजलला सन्मानाने बोलावलं होतं. ती माझ्या समोर बसली होती, पर्स मांडीवर घेऊन.

मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं खोली सुन्न होईल. मेंढे वकिलांचा चेहरा उजळला.

"उत्तम," ते म्हणाले. "म्हणजे कृती मिळाली. कृती मिळाली म्हणजे पुन्हा करता येतं. पुन्हा करता येतं म्हणजे शोध." मॅडमनी टाळी वाजवण्याइतपत हात जवळ आणले. एका प्राध्यापकाने सुचवलं की या परिणामाला आता रीतसर नाव द्यावं: गेडाम-देवतळे परिणाम. अखेर टर्बियम देवतळे सरांनीच तर घातलं.

इतकी वर्षं मी शिक्षेच्या नाना तऱ्हा कल्पून पाहिल्या होत्या. ही सुचली नव्हती.

मी म्हणालो, माझं नाव नको. त्यांना तो विनय वाटला.

मग मेंढ्यांनी फाईलमधलं ते पान उलटलं. एकच अडचण होती. एकतीस सालच्या साक्षीत मी 'नाही' म्हटलेलं होतं, खाली सही. त्यांनी त्यावर तोडगा टंकून आणला होता: 'सदर बाब त्यावेळी माझ्या विस्मरणात गेली होती.' एवढ्यावर सही केली की प्रश्न मिटतो. ते समजावून सांगू लागले, सावकाश, पक्षकाराला सांगावं तसं. साक्षीदार विसरला असेल तर चालतं, माणूस विसरतो. पण साक्षीदार खोटं बोलला असेल, तर खलाची सगळी गोष्ट एका खोटं बोलणाऱ्या माणसाच्या शब्दावर उभी राहते. ठिकरी नाही, ठवकर नाहीत, सर नाहीत. समोरच्यांचे वकील ती दोन मिनिटांत पाडतील, आणि शोध युरोपातच राहील.

म्हणजे असं होतं. विसरलो म्हटलं की तेजलला तिचं नाव मिळणार, त्याला चिकटून माझंही. खोटं बोललो म्हटलं की माझं नाव जाणार, आणि बहुधा तिचंही. एकदा स्वतःला वाचवायला मी तिचं नुकसान केलं होतं. आता मन हलकं करायला पुन्हा तेच करायचं? की तिच्या भल्याचं कारण सांगून आणखी एकदा खोटं बोलायचं? दोन्ही बाजूंनी मला माझाच स्वार्थ दिसत होता. इतक्या वर्षांच्या सरावाने मला तो ओळखता येऊ लागला होता.

मॅडमना हा विलंब आवडला नसावा. त्या तेजलकडे वळल्या. "गेडाम मॅडम, तुमचं काय म्हणणं आहे?"

"मला काय विचारता?" तेजल म्हणाली. "प्रश्न त्याला विचारलाय. मागच्या वेळीही त्यालाच विचारला होता."

मेंढ्यांनी पेन पुढे केलं होतं.

"विसरलो नव्हतो," मी म्हणालो. "आठवत होतं. खोटं बोललो."

पेन तसंच हवेत राहिलं, मग हळूच खिशात गेलं. वातानुकूलनाचा आवाज येत नव्हता. थंड तारेवरची यंत्रं फार शांत असतात. मॅडमनी फाईल बंद केली, पुन्हा उघडली, आणि ठराव सांगू लागल्या. एकतीस सालचा निष्कर्ष रद्द. 'फसवणूक' हा शब्द कामकाजातून वगळण्यात यावा. नोंदणी पूर्ववत. शोधाच्या दाव्याबाबत यथावकाश विचार व्हावा, म्हणजे होऊ नये. माझ्याबाबत स्वतंत्र समिती नेमावी. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

तेजलने ठरावाची प्रत मागितली. टंकून येईपर्यंत बसून राहिली. आल्यावर वाचली. एकदाच वाचली, घडी घातली, पर्समध्ये ठेवली.

मी तिला भंडाऱ्याच्या बसपर्यंत सोडायला गेलो. चौकातल्या खोक्यापाशी बर्फाची गाडी लागली होती, धुरकं पायांत येत होतं. मी म्हणालो, तुझं नाव माझ्यामुळे पुन्हा गेलं. ती म्हणाली, नावाचं राहू दे, घरी सांगायला कागद मिळाला. मी माफी मागितली. तिने ती घेतली की नाही ते मला कळलं नाही. ती येणाऱ्या बसची पाटी वाचत होती.

बस थांबल्यावर दांडीला धरून ती वळली.

"निनाद, तू तेव्हाच हो म्हणाला असतास, तर तुझं काय झालं असतं?"

मी विचार केला. टर्बियम पुन्हा मागवावं लागलं असतं. नवा खल. पुन्हा सगळ्या पावडरी, पुन्हा मोजमापं. सर आठवडाभर बोलले नसते.

"पीएच.डी. उशिरा झाली असती," मी म्हणालो. "सहा महिने."

"सहा महिने," तेजल म्हणाली, आणि बसमध्ये चढली.